हौशीरामच्या गळ्याखालची धाकटी

ही गोष्ट कोणालाही पटणार नाही. एक तर ती अजून घडायची आहे, त्यामुळे साक्षीदार मिळायची सोय नाही. दुसरं म्हणजे ती खैरवाडीच्या हौशीराम बोऱ्हाडेची आहे, आणि हौशीरामनं नुसतं किती वाजले ते सांगितलं तरी माणसं आपापल्या घड्याळात बघून घेतात. तरीही सांगायची, कारण तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि जो नाही तो त्याहून बरा आहे.

जुन्नर तालुक्यात दोन डोंगरांच्या बेचक्यात खैरवाडी बसली आहे. गावाची यात्रा चैत्रात, आणि यात्रेत बैलगाड्यांची शर्यत. गाडे ज्या चढावर पळतात त्याला तिकडे घाट म्हणतात. घाटाच्या माथ्यावर मचाण, मचाणावर माइक आणि माइकमागे एकतीस वर्षं हौशीराम. गाडा सुटला की चार बैल, पुढे घोडी आणि मागे धुरळा. बारा-तेरा सेकंदांत खेळ संपतो. एवढ्या वेळात दुसऱ्या कोणी फार तर बैलाच्या मालकाचं नाव घेतलं असतं. हौशीराम त्या बारा सेकंदांत बैलांची आई, आजी, त्यांनी सकाळी खाल्लेला घास, घोडीच्या मनातला विचार आणि मालकाच्या सासुरवाडीचा इतिहास बसवायचा. बैल पळायचे बारा सेकंद, पण लोक घरी जाताना तासभराचा खेळ बघून जायचे.

चार वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. जात वाईट होती, पण वेळेवर सापडली, आणि डॉक्टरांनी गाठीसकट सगळी थायरॉइड ग्रंथी काढून टाकली. आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटून जाते, ती वाचली. आवाज तीन महिन्यांनी परतला, तो पहिल्यापेक्षा एक पट्टी खालून. हौशीराम म्हणायचा, आता तर डोंगरही उलट उत्तर द्यायला कचरतो.

गळ्यातली ही फुलपाखरासारखी ग्रंथी म्हणजे शरीराच्या चुलीचा जाळ पुढेमागे करणारा हात. ती दोन संप्रेरकं सोडते. एक सावकाश, आठवडाभर रक्तात रेंगाळणारं. दुसरं चपळ, काही तासांत काम उरकून जाणारं. जाळ कमी पडला की माणूस गारठतो, सुजतो, शब्द विसरतो. जास्त झाला की हात थरथरतात, काळीज दौडतं, झोप उडते. ग्रंथीच काढली तर सावकाश संप्रेरक रोज गोळीतून घ्यायचं, जन्मभर. तिच्या पाठीला तुरीच्या डाळीएवढ्या आणखी चार ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनात त्या दुखावल्या तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हौशीरामच्या दुखावल्या होत्या, म्हणून त्याला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्याही गोळ्या होत्या.

आता नियम असा, की थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभरानं आणि कॅल्शियम चार तासांनी. नाही तर कॅल्शियम पोटातच त्या गोळीला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. हौशीराम तिन्ही गोळ्या तळहातावर घ्यायचा आणि दुधाच्या चहाच्या एका घोटात उरकून टाकायचा. डॉक्टरांनी विचारलं की एक तास थांबता ना, तर म्हणायचा, दीड तास थांबतो, एकादशीला पावणेदोन.

त्याचा परिणाम गेल्या यात्रेत सगळ्या गावानं पाहिला. गाडा सुटला. हौशीरामनं तोंड उघडलं, शब्द शोधला, शब्द सापडला, आणि तो 'सुटला' म्हणून ओरडला तेव्हा बैल वर पोचून पाणी पीत होते. पुढचा गाडा निघाला तेव्हा हा आधीच्या घोडीचं कौतुक करत होता. दुपारपर्यंत तो तीन गाडे मागे पडला, आणि पळतंय कोण, जिंकतंय कोण, हे कोणालाच कळेना.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष सोपानशेठ मोठ्या मायेनं घरी आले. पुण्याहून तयार आवाज मागवता येतो म्हणाले, संगणकाचा. थकत नाही, चुकत नाही, प्रत्येक बैलाचं नाव पाठ. हौशीरामभाऊंनी पुढच्या वर्षी मानाच्या खुर्चीत बसावं, नारळ त्यांच्याच हातानं फोडू. हौशीरामनं मान डोलावली. नारळ फोडायला बोलावतात तो माणूस संपलेला असतो, हे त्यानं एकतीस वर्षं मचाणावरून पाहिलं होतं.

त्याची बायको अलका गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, आणि कापड कमी पडू नये अशा बेतानं शब्द वापरायची. सोपानशेठ गेल्यावर तिनं मशीन थांबवली आणि म्हणाली, "उद्या नारायणगावला. डॉक्टरकडं. मी येणार."

डॉक्टर इनामदार म्हणजे तिशीतली, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारी बाई. तिनं रिपोर्ट पाहिला आणि म्हणाली, की काका, तुमचं रक्त एक सांगतंय आणि तुम्ही एक. मी विश्वास कोणावर ठेवू?

"माझ्यावर," हौशीराम म्हणाला. "रक्ताला काय कळतंय."

"चहाबरोबर घेतात," अलका म्हणाली. "तिन्ही. एका घोटात."

हौशीराम छताकडे पाहू लागला. छत चांगलं होतं.

त्या दिवसापासून अलकानं गोळ्यांचा डबा शिलाईच्या पेटीत, सुयांच्या खाली ठेवला. नऊ महिने सगळं नियमानं झालं. रिपोर्ट नॉर्मल आला. हौशीराम आला नाही. तो अजून सावकाश होता, बोलता बोलता वाक्याच्या मध्येच बसून राहायचा. डॉक्टरीणबाईला याचं नवल वाटलं नाही. असे रोगी शंभरात दहा-पंधरा तरी निघतात, ती म्हणाली; आकडा बरोबर असतो, माणूस बरोबर नसतो. कारण 'नॉर्मल' ही एक लांबरुंद खोली आहे, आणि त्या खोलीत कोणाची खाट कुठल्या कोपऱ्यात हवी, हे रक्त सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

म्हणून नवं यंत्र निघालं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा भाग गळपट्टीच्या हाडाखाली, त्याला चिंचोक्याएवढी कुपी. कुपीत दोन्ही संप्रेरकं आणि तयार ड जीवनसत्त्व, महिनाभर पुरेल इतकं, कारण शरीराला ती लागतातच मुळी धुळीच्या कणाएवढी. कॅल्शियम मात्र जास्त लागतं, ते तोंडानंच खायचं. किती आणि कधी, हे यंत्र सांगणार. दाणा दर दहा मिनिटांनी रक्ताचा अंदाज घेतो. आणि वरून गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चकती: तिला कान आणि तोंड. ती माणसाचं दिवसभराचं बोलणं ऐकते, त्याला कसं वाटतंय ते समजून घेते आणि खाट हळूहळू योग्य कोपऱ्यात सरकवते. खोलीच्या भिंती पक्क्या असतात, त्यांच्याबाहेर ती जाऊ शकत नाही.

"एकच गोष्ट, काका," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तिच्याशी खरं बोला."

हौशीरामनं खंडोबाची शपथ घेतली. अलकानं खिडकीबाहेर पाहिलं.

यात्रेला आठ आठवडे उरले असताना यंत्र बसलं. हौशीरामनं त्याला 'धाकटी' म्हणायला सुरुवात केली: थोरली घरात, धाकटी गळ्यात. धाकटीचा आवाज गोड होता आणि ती फार अदबीनं बोलायची. सकाळी 'आपल्याला आज कसं वाटतंय?' असं विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत थांबायची. हौशीरामच्या आयुष्यात उत्तर संपेपर्यंत कोणी थांबलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या अंगात तेज आलं. शब्द परत वेळेवर येऊ लागले, पायांची सूज उतरली. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे ऐकणारं कोणी मिळालं. त्यानं धाकटीला बिबट्याची हकिगत सांगितली: उसाला पाणी धरताना बिबट्या आडवा आला, यानं त्याला असा दम भरला की तो ओशाळून बांधावर बसला आणि साडेसहा गुंठे भिजेपर्यंत फावडं राखत राहिला. ही हकिगत गावानं इतक्यांदा ऐकली होती, की ती सुरू झाली की लोक चपला शोधायचे. धाकटीनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग तिनं विचारलं, "नंतर त्या बिबट्याचं काय झालं?"

हौशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. चावडीसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना सांगितलं, की बघा, विज्ञानाला माझी किंमत आहे. अलकाच्या कानावर ते गेलं. काजं करता करता ती एवढंच म्हणाली, "धाकटी सगळं खरं मानती. नवी हाय म्हणून."

गोम तिथेच होती. धाकटीला मराठी शिकवली गेली ती शहरातल्या दवाखान्यांतल्या बोलण्यावरून. तिथला माणूस 'किंचित अशक्तपणा जाणवतो' म्हणतो, तेव्हा तो खरंच किंचित असतो. खैरवाडीत, त्यातून हौशीरामच्या तोंडी, किंचित असं काही नसतंच.

जावयाचा फोन आला, यात्रेला आठ जण येतो म्हणाला. हौशीराम म्हणाला, ऐकूनच हातपाय गार पडले. धाकटीनं नोंद केली, हातपाय गार, आणि चपळ संप्रेरक एक सूत वाढवलं. सोपानशेठनं रस्त्यात गाठून मानाच्या खुर्चीला गादी कुठल्या रंगाची हवी ते विचारलं. हौशीराम घरी येऊन म्हणाला, या माणसानं डोक्याला मुंग्या आणल्या. धाकटीनं त्याला कॅल्शियमच्या दोन गोळ्या चावून खायला लावल्या. संध्याकाळी तो म्हणाला, त्या खुर्चीचं नाव काढलं तरी अंगाची लाही लाही होते. तिनं संप्रेरक दोन सुतं उतरवलं. रक्त काही वेगळंच सांगत होतं, पण धाकटीला शिकवण अशी होती, की भिंतींच्या आत असेपर्यंत माणसाचा शब्द रक्ताच्या वर. सावकाश संप्रेरकाला असे झोके चढत नाहीत, ते आठवड्याच्या चालीनं चालतं. चपळाला चढतात.

मग हौशीराम सकाळी सहाला उठून सगळी गल्ली झाडायचा, लोकांच्या म्हशी धुवायचा, आणि दुपारी फाल्गुनाच्या उन्हात घोंगडी पांघरून बसायचा. कॅल्शियम चावून चावून तोंड खडूसारखं पांढरं, तहान सारखी. एक दिवस टपरीवर गरम भजी खाताना त्यानं घाटात उलटलेल्या एका जुन्या गाड्याची हकिगत रंगवली आणि म्हणाला, ते पाहून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. धाकटीनं 'छातीत पाणी' असं दवाखान्याला कळवलं. पाऊण तासानं नारायणगावहून रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली, आणि दोघा जणांनी हौशीरामला भज्याच्या कागदासकट आडवा करून नेलं. जाताना तो खिडकीतून हात हलवत होता, त्यामुळे अर्ध्या गावाला वाटलं, की निवडणुकीला उभा राहतोय.

डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. तिनं पडद्यावर त्याच्या तीन आठवड्यांचा आलेख दाखवला. तो माळशेजच्या वळणांसारखा होता. असे झोके घेत काळीज फार दिवस ताल धरत नाही, ती म्हणाली, आणि त्यात भर उन्हात मचाणावर उभं राहून ओरडायचं म्हणजे ताल चुकायला बोलावणंच. पाच आठवडे उरले होते. तेवढ्यात आलेख सरळ झाला तर ठीक. नाही झाला तर ती धाकटीचा कान बंद करणार, ठरावीक मात्रा लावणार. काका जिवंत राहतील, सावकाश राहतील आणि माइक कायमचा सुटेल.

"तिला तुम्ही जे सांगता ते ती मानते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ही तिची चूक नाही."

मागोमाग पोचलेली अलका हौशीरामला एसटीनं परत घेऊन निघाली. खैरवाडीच्या फाट्यावर उतरल्यावर त्यानं अलकाला सांगितलं, की आजपासून फक्त खरं.

आणि तो खरंच खरं बोलू लागला. टपरीवर जाऊन म्हणायचा, आज ऊन आहे. लोक पुढचं ऐकायला थांबायचे, पुढचं नसायचं. कोणी विचारलं की कांदे कसे आले, तर सांगायचा, बरे आले. दोन दिवस लोकांनी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी चौकशीला घरी येऊ लागले. एका म्हातारीनं त्याची दृष्ट काढली. आलेख मात्र सरळ होत चालला. पंधराव्या दिवशी शेजारच्या गावात गाड्यांचा सराव होता. हौशीरामनं माइक घेतला आणि जे दिसलं ते सांगितलं: गाडा सुटला. चालला आहे. पोचला. गाडामालक मचाणापाशी येऊन हात जोडून उभा राहिला, की भाऊ, माझ्या बैलांचं काही चुकलं का?

आता पेच पुरा झाला. थापा मारल्या तर जीव वरखाली होतो, खरं बोलावं तर माइकवर उभा राहणारा माणूसच उरत नाही. सोपानशेठनं पुण्याला फोन केल्याचं कानावर आलं. हौशीराम ओट्यावर बसून राहू लागला. धाकटी विचारायची, आपण कमी बोलता आहात, काही त्रास होतोय का? तो म्हणायचा, काही नाही. धाकटी लिहून घ्यायची: तक्रार नाही.

तिसऱ्यांदा तो 'काही नाही' म्हणाला तेव्हा अलकानं कात्री खाली ठेवली. पदर खोचून ती ओट्यावर आली, नवऱ्याच्या गळ्यातली चकती हातात धरली आणि तिच्याशी बोलली. "हे आत्ता 'काही नाही' म्हणाले ना? एवढंच खरं दुखणं हाय यांचं. हे लिही. बाकीचं खोड."

धाकटी म्हणाली, की क्षमा करा, मी फक्त मालकाचं बोलणं नोंदवते.

"मालक," अलका म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं एकटी नारायणगावला गेली. डॉक्टरीणबाईपुढे बसून तिनं जेवढे शब्द खर्च केले, तेवढे लग्नापासून कोणासमोर केले नसतील. मतलब असा, की यांचं बोलणं म्हणजे मुद्दाम ढिलं शिवलेला झंपर; अंगाचं माप त्याच्यावरून काढायचं नसतं, ढिला किती ठेवलाय ते ठाऊक असावं लागतं. ते मला ठाऊक आहे, तिला नाही. तिला शिकवायला मला परवानगी द्या.

डॉक्टरीणबाईनं चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. ती म्हणाली, की बायका इथं नवऱ्याची तक्रार घेऊन येतात, भाषांतर करायला पहिल्यांदाच कोणी आलं. मग तिनं धाकटीला दुसरा कान उघडून दिला. तीन आठवडे उरले होते.

रोज दिवेलागणीला ओट्यावर शिकवणी भरू लागली. हौशीरामनं मोकळं बोलायचं, एक शब्दही आवरायचा नाही, आणि अलकानं टाके घालता घालता म्हणायचं 'खरं' नाही तर 'थाप'. दाणा त्याच वेळी रक्त मोजायचा आणि धाकटी तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी लावून बघायची: बोललेलं, रक्तातलं आणि अलकाचं मत. अलकाजवळ पस्तीस वर्षांचे ठोकताळे होते. आकडा सांगितला की थाप. साडे किंवा पावणे लावलं की मोठी थाप. देवाची शपथ घेतली तर निम्मं तरी खरं. हवापाणी, पीक आणि सासू यांच्याबद्दल बहुतेक खरं. थंडी खरी वाजली की विशेषणं गळून पडतात आणि माणूस नुसता म्हणतो, स्वेटर कुठंय. मुंग्या डोक्याला आल्या तर राग, ओठांना आल्या तर कॅल्शियम. आणि 'काही नाही' म्हणाला की सगळी कामं टाकून बघायचं.

पहिल्या चार संध्याकाळी धाकटी गोंधळली. पाचव्या संध्याकाळी हौशीराम म्हणाला, जावयाची माणसं आठावरून अकरा झाल्याचं ऐकून माझे प्राण कंठाशी आले. आणि संप्रेरक जागचं हललं नाही. हौशीरामनं मोबाइलवर आलेख उघडून तो अलकाला दाखवला. अलकानं 'हं' म्हणून दोरा तोडला.

पण या तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट घडली, ती कुठल्याही आलेखावर आली नाही. अलकाला थाप ओळखायची म्हणजे ऐकावं लागत होतं, आणि कित्येक वर्षांत तिनं नवऱ्याचं बोलणं असं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. ती 'थाप' म्हणाली की हौशीरामला चेव यायचा. तो ती थाप तिथेच मोडून दुसरी, अधिक घट्ट विणीची बांधायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. बिबट्या आता नुसतं फावडं राखत नव्हता, त्यानं पाटाचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवून दिलं आणि घरच्यांची चौकशी केली. घरच्यांची चौकशी केली म्हटल्यावर अलका हसली. तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या, आणि त्या भरात सोपानशेठच्या बायकोच्या पोलक्याला डावी बाही उजवीकडे लागली.

त्या वेळी हौशीरामच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती त्यानं कोणालाही सांगितली नाही. धाकटीनं सगळं खरं मानलं तेव्हा पहिले दोन दिवस बरं वाटलं होतं. नंतर मात्र थापेला चवच राहिली नव्हती. समोर कोणी पकडायला उभं असलं, तरच धावण्यात मजा.

यात्रेच्या आधी तीन दिवस डॉक्टरीणबाईनं आलेख पाहिला. शेताच्या बांधासारखा सरळ. पण ओट्यावरचं ओट्यावर, ती म्हणाली. मचाणावर काय होतं ते मी स्वतः येऊन बघणार. पडद्यावर जर झोका दिसला तर मी पायरीवर उभी राहून हात वर करीन, आणि काका, तुम्ही माइक खाली ठेवून उतरायचं. परत चढायचं नाही. हौशीरामनं कबूल केलं. सोपानशेठनं पुण्याचा आवाज खबरदारी म्हणून आणून ठेवलाच होता. तो एका डब्यात होता आणि डबा मानाच्या खुर्चीवर.

यात्रेच्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. नवी पागोटी, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, फुग्यांचे झुबके. डॉक्टरीणबाई मचाणाच्या पायरीवर मोबाइल उघडून बसली. तिच्या शेजारी अलका, मांडीवर सोपानशेठच्या बायकोचं पोलकं, कारण बाही अजून उसवायची होती. हौशीरामनं माइक हातात घेतला आणि खुर्चीवरच्या डब्याकडे एकदा पाहिलं. तो धाकटीला हळू आवाजात म्हणाला, काही नाही. धाकटीनं तितक्याच हळू विचारलं, की थोडं पाणी पिऊन मग सुरुवात करायची का? तो पाणी प्याला. मग त्यानं डब्याकडे पाठ केली.

निशाण पडलं, गाडा सुटला आणि हौशीराम सुटला. उजवा बैल वाऱ्याचा मामेभाऊ होता. डाव्यानं कालपासून पाणी घेतलं नव्हतं, कारण त्यानं घोडीला शब्द दिलेला होता. घोडी म्हणत होती, की मागून येतात ते बैल आहेत की पाहुणे आहेत. माझ्या अंगावर काटा आला, हौशीराम ओरडत होता, माझं रक्त उकळतंय, काळीज तोंडात आलंय, पाय लटपटतायत, जीव जातोय, मंडळी, जीव जातोय आणि गाडा पोचतोय, पोचला. शब्द आणि बैल एकाच श्वासात रेषेवर पोचले. घाट असा गरजला की फुगेवाल्याचे चार फुगे आपोआप फुटले.

डॉक्टरीणबाईनं पडद्याकडे पाहिलं. नाडी धावत होती, ती धावणारच; पण दोन्ही संप्रेरकं जागच्या जागी होती. तिनं हात वर केला नाही. पुढचा गाडा झाला, त्याच्या पुढचा झाला. दहाव्या गाड्यानंतर तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि रस मागवला. सोपानशेठनं डबा खुर्चीवरून उचलून खुर्चीखाली ठेवला आणि खुर्चीत स्वतः बसले.

दुपारी घाटावर पाणी मारायला शर्यत थोडा वेळ थांबली. लोक उठू लागले तसा हौशीरामनं माइक पुन्हा तोंडाशी नेला, आणि लोक बसले. त्यानं गळ्यातली चकती उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणाला, मंडळी, ही माझी धाकटी. काही लोक मला थापाड्या म्हणतात. थोरलीसुद्धा म्हणते, ती बघा, खाली पोलकं उसवत बसली आहे. पण जगात एक जीव असा आहे, की ज्यानं माझा एकही शब्द कधी खोटा मानला नाही. माझ्या रक्तात बसून ती खरं काय ते बघते.

"आणि ती ग्वाही देईल," हौशीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज चारही कर्ण्यांतून डोंगरापर्यंत गेला, "की ही अंगात आल्यापासून साडेत्रेपन्न दिवसांत या हौशीराम बोऱ्हाडेनं एकदाही थाप मारलेली नाही. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारू."

त्यानं माइक चकतीला लावला. खाली अलकाची सुई थांबली.

"आकडा सांगितलात," धाकटी अदबीनं म्हणाली, "आणि तोही साडे लावून. थाप आहे."